उकिरड्याचा अर्ज

तालुक्याच्या कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली, लोखंडी टेबल मांडून मी गेली सव्वीस वर्षे अर्ज लिहितो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले आहे. दहावीच्या वर्गात बसलो, परीक्षेला बसलो नाही. ही गोष्ट मी लपवीत नाही, कारण माझ्या हातचे कागद पदवीधर माणसांनी खुर्चीतून उठून वाचलेले मी पाहिले आहेत. डाव्या बाजूला चार बोटांचा समास, विषयाखाली दुहेरी रेघ, आणि ‘सविनय’ हा शब्द कोठे घालावा व कोठे मुद्दाम गाळावा याची समज, या गोष्टी मला कोणी शिकविलेल्या नाहीत. पुढे जे लिहावयाचे आहे त्याचा संबंध माझ्या याच कसबाशी आहे, म्हणून ते आधी सांगितले.

अलीकडे अर्ज संगणकावर गेले. समोरच्या दुकानात छापील नमुने आहेत. माणूस नाव सांगतो, तेथील मुलगी बटण दाबते आणि दोन मिनिटांत कागद बाहेर पडतो. माझ्याकडे येतात ते म्हातारे, आणि ज्यांचे काम कोणत्याच नमुन्यात बसत नाही असे लोक. ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे त्या हिवाळ्यात मी हरवलेल्या शिधापत्रिका आणि चुकलेली आडनावे यापलीकडे काही लिहिले नव्हते. लांब अर्ज लिहून आठ महिने झाले होते. लिहिणाऱ्या माणसाला ही एक प्रकारची उपासमारच असते. ती बाहेरून दिसत नाही.

आमचे गाव वाटूरच्या फाट्यावरून आत गेल्यावर लागते. मी बिऱ्हाडासह तालुक्याला राहतो. गावी थोरले बंधू आणि वहिनी. बंधू जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला असून पंधरा दिवसांनी घरी येतात, त्यामुळे शेती वहिनीच पाहतात. तीन एकर रान, हलके आणि मुरमाड. विहीर होळीपर्यंत पाणी देते, पुढे देत नाही. अशा रानात जे पिकते ते खतावर पिकते, आणि ते खत वहिनी स्वतः करतात.

गावाच्या उगवतीला ओढ्याच्या अलीकडे एक लांबट पट्टी होती. तेथे एकोणीस घरांचे एकोणीस उकिरडे, म्हणजे खताचे खड्डे, एका ओळीत होते. दोन खड्ड्यांमध्ये एक दगड, हीच हद्द. कोणता खड्डा कोणाचा हे कोठल्याही कागदावर नव्हते आणि त्यावरून कधी भांडण झालेले माझ्या ऐकिवात नाही. भाऊ वेगळे झाले की घर, बैल आणि भांडी वाटून झाल्यावर पंच दोर घेऊन उकिरड्यावर जात आणि त्याचेही दोन भाग करीत. दिवाळीत प्रत्येक उकिरड्यावर दिवा लागे. आमच्या खड्ड्याला लागून चाचांचा खड्डा होता. चाचा म्हणजे आमच्या आळीतले वृद्ध शेळीपालक, त्यांच्या घरात उर्दू बोलतात. दोन्ही खड्ड्यांच्या मध्ये एकच मातीची भिंत होती. वहिनी त्या भिंतीवर दिवा ठेवीत, आणि तो विझेपर्यंत चाचा आपल्या शेळ्या तिकडे फिरकू देत नसत.

आम्ही भाऊ वेगळे झालो तेव्हा पंच दोर धरून उभे असताना मी म्हणालो, “मला खताचे काय करायचे? मी कागदाचा माणूस.” लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत.

“घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “पर नको म्हणू नका, भाऊजी. घराचं हाय ते.”

दोर तसाच गुंडाळला गेला. त्यानंतर कित्येक वर्षे मी गावी गेलो की त्या पट्टीवरून नाकाला रुमाल लावून जात असे.

खत कसे होते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नंतर नाइलाजाने शिकलो, ते येथे सांगतो, कारण त्यावाचून पुढील गोष्टीचे वजन कळणार नाही. आमच्याकडे जमिनीवर ढीग घालून खत होत नाही. ढिगाला चारी बाजूंनी वारा लागतो. फाल्गुनातला वारा आठ दिवसांत त्यातली ओल नेतो, आणि मग शेण कुजत नाही, नुसते वाळते. वाळलेले शेण दोन वर्षे ठेवले तरी शेणच राहते. काही वर्षांपूर्वी एका योजनेत गावात विटांच्या जाळीदार टाक्या जमिनीच्या वर बांधल्या गेल्या. त्यांचे अर्ज मीच लिहिले होते. जेथे पाणी मुबलक आहे तेथे त्या टाक्या चांगल्या चालत असतील. आमच्या गावात त्यांच्या जाळीतून उन्हाळ्याचा वारा आरपार गेला, आणि आता त्यांत शेळ्यांची करडे बांधलेली असतात.

म्हणून खड्डा. तो कमरेइतका खोल असावा, अधिक नको, कारण अधिक खोल गेल्यास तळाला हवा पोहोचत नाही आणि माल आंबतो. तळाला पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडांची वाळकी लाकडे, कुऱ्हाडीने बोटबोटभर तोडून आणि भिजवून घालायच्या. त्यावर पातळ कालवलेले शेण, त्यावर सोयाबीनचे भुसकट, त्यावर चाचांच्या शेळ्यांच्या लेंड्या, आणि पुन्हा शेण. असे थर चढवीत खड्डा भरला की घराची भिंत लिंपतात तसा तो शेणामातीने लिंपून टाकायचा. एक भेग राहू द्यायची नाही, कारण भेगेतून ओल जाते. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी वहिनी घागरीत साठवून खड्ड्यावर नेत. साबणाचे पाणी तेवढे वेगळे ठेवीत.

लिंपणाच्या मधोमध वाटीएवढे एक भोक असे आणि त्यात छातीइतक्या उंचीची एक लोखंडी सळई कायम खोवलेली असे. ती उपसून तिचे खालचे टोक मुठीत धरायचे. चटका बसला तर आत काम चालू आहे. कोमट लागली तर पाणी मागते आहे. थंड आणि कोरडी लागली तर खड्डा मेला. दिवाळीनंतर महिन्याभराने भरलेला खड्डा मृगाच्या तोंडावर पिकतो, त्याआधी नाही. आधी उघडला तर वरचा अर्धा माल कच्चा निघतो, आणि कच्चे शेण रानात गेले की त्याबरोबर हुमणी येते, म्हणजे पिकाची मुळे खाणारी जाड पांढरी अळी.

माघ संपता संपता एके दिवशी दुपारी वहिनी माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत त्या प्रथमच तेथे आल्या होत्या. मी खुर्ची पुढे केली.

“बसायला न्हाई आले. जीप उभी हाय फाट्याची. चार ओळी लिहून द्या.”

पंचायतीने ओढ्याकाठची ती पट्टी मोकळी करून तेथे कमान, बाके आणि फुलझाडे करण्याचे ठरविले होते. सरपंचांनी तोंडी निरोप दिला होता की खड्डे होळीपर्यंत उपसा.

“काय लिहू?” मी विचारले.

“मृगापर्यंत खड्डा राहू द्या म्हणावं. मंग आमीच आमच्या हातानं उपसून देतो. जागा तुमची तुमाला.”

“जागा त्यांची कशी होईल, वहिनी? पूर्वापार वहिवाट आहे आपली.”

“आसंल. पर मला जागा न्हाई पायजे, भाऊजी. मला टाइम पायजे. आत्ता कुठं गरम होऊन राह्यला खड्डा.”

मी त्यांना समजावून सांगितले की मुदत मागणे म्हणजे आपला हक्क नाही हे लिहून देण्यासारखे आहे. कचेरीत मागावे ते हक्काने मागावे, दया मागू नये.

“तुमी शिकलेले,” वहिनी म्हणाल्या. “पर चारच लिहा. तुमचा कागद लांबला की माणसं भेत्यात.”

जीपवाल्याने हॉर्न वाजविला. आमच्या धंद्यात एक रीत आहे, आणि ती चांगली नाही हे मी आज मान्य करतो. गिऱ्हाईक घाईत असले की कोऱ्या कागदाच्या तळाशी सही घेऊन ठेवायची आणि वरचा मजकूर मागाहून भरायचा. गिऱ्हाइकाचा हेलपाटा वाचतो. मी कागद पुढे केला. वहिनी चौथी शिकलेल्या आहेत, आंगठा देत नाहीत. त्यांनी टेबलावर वाकून सावकाश, एकेक अक्षर कोरीत, पूर्ण नाव लिहिले आणि त्या जीपकडे गेल्या.

त्याच संध्याकाळी मी तो अर्ज लिहिला. हात कित्येक महिन्यांनी असा मोकळा चालत होता. दोराने होणारी वाटणी हा पहिला मुद्दा झाला. हद्दीचा दगड दुसरा. सामाईक भिंत तिसरा. भिंतीवरचा दिवादेखील मी सोडला नाही, त्याला मी ‘वार्षिक दीपपूजनाद्वारे सिद्ध होणारा अखंड कब्जा’ असे म्हटले. जी गोष्ट एकोणीस घरांना न लिहिता ठाऊक होती ती मी प्रथमच कागदावर आणीत होतो, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. वहिनींच्या नावाखाली सामाईक हिस्सेदार म्हणून मी माझेही नाव घातले. ज्या हिश्शाला मी पंचांसमोर नको म्हटले होते तोच हा हिस्सा. शेवटी लिहिले: ‘सबब, सदर जागेची मोजणी करून सर्व एकोणीस कुटुंबांचा मालकी हक्क अभिलेखात नोंदविण्यात यावा.’ एकूण तीन पाने झाली. तिसऱ्या पानाच्या तळाशी वहिनींची सही होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुद्रांक विक्रेत्याला मी तो अर्ज वाचून दाखविला. तो म्हणाला, “व्वा.” मी कागद दाखल केला आणि पोच घेतली.

मोजणी मागितली की मोजणी करावी लागते. फाल्गुनात कचेरीकडून मोजणीदार आला. तिपाईवरचे यंत्र, गुंडाळलेला नकाशा आणि सोबत दोन मजूर. मी त्या दिवशी टेबल मांडले नाही. धुतलेला सदरा घालून गावी गेलो. लोक पट्टीच्या कडेने उभे होते. मोजणी कशाची चालली आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मोजणीदार तरुण आणि सभ्य मुलगा होता.

“अर्ज आपण लिहिलात का? अक्षर फार सुंदर आहे,” तो म्हणाला.

दुपारपर्यंत यंत्र फिरले. मग त्याने नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि मला दाखविला. ती पट्टी जुन्या सरकारी रस्त्याची निघाली. एकोणीसचे एकोणीस खड्डे रस्त्यात होते.

सरपंच वयाने माझ्याहून बराच लहान. त्याच्या वडिलांचे अर्ज मी लिहिलेले आहेत. त्याने मला ओढ्याकडे नेले.

“काका, वहिनी नुसत्या घरी आल्या असत्या ना, तर मृगापर्यंत म्या तिकडं पाह्यलं बी नसतं. कमानीचं सामानच यायचंय आजून. होळी म्हणलं म्हणजे काय होळीलाच का? आता तुमी वर कागद धाडला. वरून तारीख येनार. माझ्या हातात काय राह्यलं?”

परत आलो तर मोजणीदार पंचनामा लिहावयास बसला होता. त्याचे अक्षर वाईट होते. तो हसून म्हणाला, “आपण इथेच आहात तर आपणच लिहा. मी सांगतो.”

आणि मी लिहिला. नाही म्हणता आले असते. परंतु एवढ्या लोकांसमोर मला कोणी लिहावयास सांगितले आहे, या गोष्टीत माझे मन क्षणभर अडकले, हे मी लपवीत नाही. ‘अतिक्रमण क्रमांक १’ येथपासून ‘अतिक्रमण क्रमांक १९’ येथपर्यंत सर्व मजकूर माझ्या हातचा आहे. आमचा खड्डा सातवा. चाचांचा आठवा. खाली पंच म्हणून माझी सही आहे.

चाचा काठी टेकून माझ्या मागे उभे होते. त्यांना मराठी लिहिता-वाचता येत नाही, परंतु आकडे ओळखता येतात, आणि मोजणीदाराचे सांगणे त्यांनी ऐकले होते.

“क्या लिखावट है, मुन्शीजी,” ते म्हणाले. “एकदम मोती. सत्तर साल से हमारा गोबर हमारा था. आज आपने सरकारी कर डाला.”

दोघेतिघे हसले. चाचा स्वतः हसले नाहीत.

नोटीस चैत्राच्या आरंभी आली. पंधरा दिवसांत जागा मोकळी करावी, अन्यथा यंत्राने मोकळी करण्यात येईल. तिच्या मागे अर्जाची प्रत जोडलेली होती. मला गावी बोलावणे आले. वहिनी घरी नव्हत्या, खड्ड्यावर होत्या. आजूबाजूच्या खड्ड्यांवर आळीतल्या बायका होत्या, चाचा भिंतीवर बसलेले होते. वहिनींनी ती प्रत माझ्या हातात दिली.

“वाचा.”

“तुम्हाला वाचता येते, वहिनी.”

“येतं. पर लिहिलं तुमी, तर वाचा बी तुमीच. समद्यास्नी ऐकू द्या.”

तीन पाने उभ्याने वाचून होण्यास बराच वेळ लागतो. जी वाक्ये लिहिताना मला भरदार वाटली होती त्यांत कितीदा श्वास घ्यावा लागतो हे मला तेथे कळले. दिव्याच्या कलमापाशी कोणीतरी पुटपुटले, “दिवा बी घातला का यात.” मी शेवटपर्यंत वाचले. वहिनी सळईवर हात ठेवून ऐकत होत्या.

“मृग कुठाय?” त्यांनी विचारले.

मी पाने पुन्हा चाळली, जणू तो शब्द कोठे सापडेल.

“यात नाही,” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि सळई उपसून घेऊन घराकडे निघाल्या. त्या आठवड्यात बंधू आले, तेच तेवढे म्हणाले, “आपल्या घरात यकच कागदवाला, अन् त्याचा बी कागद आपल्यावरच चालला.”

खड्डे उपसले गेले. आमच्या खड्ड्याचे लिंपण वहिनींनी स्वतः कुदळीने फोडले. आतून वाफ निघाली. मी रुमाल काढला नाही. तो वास घाण नव्हता, भिजलेल्या भुईचा आणि किंचित आंबूस होता. तळातला माल काळा आणि भुसभुशीत होता, हाताला चिकटत नव्हता. वरच्या अर्ध्यात पऱ्हाटीचे तुकडे तसेच दिसत होते, शेणाची गोळी फोडली की आत हिरवट निघे. पुष्कळांनी आपला माल रानात नेऊन नुसता ओतला. चार दिवसांत ते ढीग वरून पांढरे पडले.

वहिनींनी रानात नवा खड्डा घ्यावयाचे ठरविले. तो मी खणला. ट्रॅक्टरची ट्रॉली संध्याकाळी येणार होती आणि मुरूम दगडासारखा होता. माझ्या हाताला पेनाचा घट्टा आहे, कुदळीचा नाही. दुपारपर्यंत दोन्ही तळहात फुटले. वहिनींनी पाण्याचा तांब्या दिला आणि खोली पाहिली.

“गुडघ्याइतका झाला. कंबर आजून लांब हाय.”

तळातला पिकलेला माल तळात, कच्चा वर, असा तो खड्डा भरून आम्ही लिंपला. परंतु उपसताना आणि वाहताना माल एक दिवसभर उन्हात उघडा पडला होता. त्यातली ओल गेली होती. विहीर आटलेली. गावात टँकर येत होता, आणि ते पाणी पिण्याचे, त्याला खड्ड्यासाठी हात लावणे कोणाच्या मनातही येत नाही. राहिले न्हाणीचे पाणी. जुना उकिरडा घरापासून हाकेच्या अंतरावर होता, रान दीड कोस. वहिनी सायकलच्या दोन्ही बाजूंना घागरी बांधून ती ढकलीत नेत. मी दर रविवारी माझ्या घरचे न्हाणीचे पाणी दोन कॅनमध्ये भरून स्कूटरवर नेऊ लागलो. रस्त्यात ओळखीचे लोक विचारीत, “साहेब, काय डिझेल का?” मी मान हलवीत असे.

पहिल्या रविवारी सळई कोमट होती. दुसऱ्या रविवारी वहिनींनी ती मलाच उपसावयास लावली.

“काय म्हणती?”

“थंड आहे.”

“वल्ली का कोरडी?”

मी टोक मुठीत धरून पाहिले, मग दुसऱ्या हाताने पाहिले. “कोरडी.”

वहिनी बांधावर बसल्या. कपाशी पेरण्यास दीड महिना उरला होता आणि त्यांचे सगळे वर्ष त्या खड्ड्यात होते. मग त्या म्हणाल्या, “उद्या सकाळी पलटी मारू. ऊन व्हायच्या आत.”

मी त्या दिवशी परत गेलो नाही. पहाटे चाचा आपण होऊन आले. गाढवावर लेंड्यांचे पोते आणि घरच्या पाण्याचे दोन डबे होते. त्यांचा स्वतःचा माल रानात वाळून गेला होता. आम्ही लिंपण काढले. कडेचा माल राखेसारखा पांढरा पडला होता, फावडे लागताच त्याची धूळ उडाली. मधला तेवढा अजून दमट होता. कडेचा माल भिजवून मध्ये, मधला कडेला, प्रत्येक थरात भिजवलेल्या लेंड्या, असे करीत ऊन चढण्यापूर्वी खड्डा पुन्हा लिंपून झाला. मी फावडे ठेवले तेव्हा चाचा माझ्याकडे पाहून म्हणाले, “मुन्शीजी, ये काम बिलकुल सही किया. इसकी नकल मत निकालना.”

त्यांनी हे नेहमीच्याच आवाजात म्हटले. त्यावर मी हसावे अशी त्यांची अपेक्षा होती की नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर सळई पुन्हा गरम झाली, परंतु खड्ड्याच्या मध्यावरच. मृगाच्या आदल्या आठवड्यात वहिनींनी खड्डा उघडला. हाताने चाळून, वास घेऊन, पिकलेला माल एकीकडे आणि कच्चा दुसरीकडे केला. पिकलेला विहिरीजवळच्या एका एकराला पुरला. मी विचारले, उरलेला तसाच उधळून टाकला तर काहीच नसण्यापेक्षा बरे नाही का? त्या म्हणाल्या, “काहीच नसलं तर कमी येतं. हुमणी आली तर आलेलं बी जातं.” कच्चा माल त्यांनी पुन्हा खड्ड्यात लोटून लिंपला. दोन एकर रान त्या वर्षी खतावाचून पेरले गेले.

आमचे रान फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. भाद्रपदापर्यंत त्यात जी रेघ उमटली ती रस्त्यावरून कोणालाही दिसे. विहिरीकडचा एकर गुडघ्याच्या वर आणि काळपट हिरवा, पुढचे दोन एकर वीतभर आणि पिवळे. जणू कोणी पट्टी लावून मोजणी केली आहे. ज्यांना ठाऊक नव्हते ते जीपमध्ये विचारीत की एकाच रानात दोन तऱ्हा कशा. मी गावी जाताना जीपमध्ये दुसऱ्या बाजूला बसू लागलो.

त्यानंतर आश्विनात वहिनी पुन्हा माझ्या टेबलापुढे आल्या. सोबत चाचा आणि आळीतल्या दोन बायका होत्या. ओढ्याकाठी आता कमान झाली आहे, बाकेही आहेत. खड्ड्यांना जागा राहिलेली नाही. गावाजवळ कोठेही, एकोणीस घरांना न्हाणीचे पाणी पोहोचविता येईल अशा अंतरावर, खड्ड्यांपुरती जागा मिळावी अशी त्यांची मागणी होती. या वेळी वहिनी खुर्चीवर बसल्या.

“मी सांगते. तुमी लिहा.”

त्यांनी चार ओळी सांगितल्या. मी त्या लिहिल्या. आमची जागा गेली, तक्रार नाही. खत केल्यावाचून आमचे रान पिकत नाही. घरचे पाणी नेता येईल इतक्या जवळ आम्हाला जागा दाखवावी. खड्डे आम्ही झाकून ठेवू. चौथी ओळ संपल्यावर माझे पेन सवयीने खाली सरकले, कारण तेथे ‘सबब’ येतो. वहिनींनी कागदावर हात ठेवला.

“झालं? वाचा.”

मी वाचले. मग त्यांनी सही केली. चाचांनी उर्दूत सही केली. ज्या दोन बायका आल्या होत्या त्यांतील एकीने मला विचारले, “एवढाच का? तुमच्या कागदाला तर पानं लागत्यात म्हणं.”

मी कागद दाखल केला. पोच माझ्या खणात आहे. उत्तर अजून आलेले नाही. मधून मधून मी आत जाऊन चौकशी करतो, तेव्हा तेथील लिपिक म्हणतो की अर्जात कोणत्या नियमाखाली मागणी आहे हे लिहिलेले नाही, तेवढे लिहून द्या, कागद लवकर हलेल. मला तो नियम ठाऊक आहे असे वाटते. पूर्वी मी तो तेथेच उभा राहून, खिशातले पेन काढून, समासात लिहिला असता. आता मी म्हणतो, विचारून येतो.

या दिवाळीत वहिनींनी रानातल्या खड्ड्यावर दिवा ठेवला. तेथे भिंत नाही, वारा मोकळा आहे. मी दोन्ही हातांचा आडोसा धरला तरी तो दोनदा विझला. तिसऱ्यांदा त्यांनी तो लिंपणाच्या भोकात, सळईला टेकवून, खाली ठेवला, आणि आम्ही दोघे खड्ड्याच्या कडेने कॅनमधले पाणी ओतावयास लागलो.